उघड्या दाराचं प्रकरण : पंडिता रमाबाई आणि १८९३ चं पुणे

ऑगस्ट १८९३ मध्ये पुण्याच्या शारदा सदनाच्या, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेल्या शाळेच्या, सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही त्यातली दोन नावं सांगितली तरी प्रकरणाचं वजन लक्षात यावं. यांच्या शब्दावर विश्वास ठेवून पुण्यातले आईबाप आपल्या विधवा मुली या शाळेत पाठवत होते. आता हीच माणसं बोस्टनच्या देणगीदारांना कळवत होती, की सदन उघडपणे धर्मांतराचं काम करणार असेल तर आमचा त्याच्याशी संबंध राहणार नाही. बातमी वर्तमानपत्रांत आली. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं. 'केसरी'ने तर आधीपासूनच रमाबाईंवर तोफ डागली होती.

वादाच्या मुळाशी एक अगदी साधी गोष्ट होती. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर, मनोरमेबरोबर, प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. सदनातल्या काही मुली आपणहून येऊन बसत. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कुणाला बोलावत नाही आणि आलेल्याला उठवतही नाही.

विश्वासासाठी उभं राहण्याविषयी बोलायचं झालं की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये उदाहरणं येतात ती आखाड्यातल्या सिंहांची, तुरुंगांची, रक्तसाक्ष्यांची. ती मोलाची आहेतच. पण बहुतेक विश्वासणाऱ्यांच्या वाट्याला येणारा विरोध तशा रूपात येत नाही. तो घरातल्यांकडून येतो, उपकार करणाऱ्यांकडून येतो, ज्यांच्याविषयी मनात आदर आहे अशांकडून येतो. 'ख्रिस्ताला नाकार' असं त्यातलं कुणी म्हणत नाही. 'तुला काय मानायचं ते मान, पण चार लोकांत कशाला? दार लावून घे,' एवढंच म्हणणं असतं. १८९३ मध्ये रमाबाईंपुढे नेमकी हीच मागणी होती. शिवाय सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू, असं वचन त्यांनी स्वतः दिलेलं होतं. म्हणून हे प्रकरण सोपं नाही, आणि म्हणूनच ते सविस्तर पाहण्यासारखं आहे.

आधीची दहा वर्षं

१८९३ मधलं धैर्य एका दिवसात आलेलं नव्हतं. ते कुठून आलं हे पाहिल्याशिवाय त्या उघड्या दाराचा अर्थ लागत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकवलं, आणि आईने ते लेकीला दिलं. कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरत राहिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी देश पायी पालथा घातला. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्यावर तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तोपर्यंत त्यांचा जुन्या देवधर्मावरचा विश्वास मात्र डळमळला होता. सगळी व्रतं, सगळे उपास मनोभावे करूनही घरची माणसं अन्नावाचून गेली होती.

भावाच्या मृत्यूनंतर, १८८० मध्ये, त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आसामात सिल्चरला राहत असताना नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. आयझॅक ॲलन नावाचे मिशनरी घरी येऊन त्यांना उत्पत्तीचं पुस्तक समजावून सांगू लागले. आपण ख्रिस्ती व्हावं असं मनात येतं, असं रमाबाईंनी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांना ते मुळीच आवडलं नाही. ॲलन यांना घरी येऊ नका असं सांगतो, म्हणाले. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत रमाबाईंनी हे मोकळेपणाने नोंदवलं आहे, आणि ते आणखी जगले असते तर काय झालं असतं कोण जाणे, असंही त्या म्हणतात. म्हणजे पहिला विरोध आला तो प्रेमाच्या माणसाकडून, स्वतः सुधारक असलेल्या, जातीची बंधनं मोडून लग्न केलेल्या माणसाकडून. मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. आपला माणूस एका बाबतीत उदार आहे म्हणून तो ख्रिस्ताच्या बाबतीतही उदार असेल, असं धरून चालणारे पुष्कळ जण पुढे एकटे पडतात.

१८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबिहारी गेले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची आणि स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली. सुधारक पुण्याने त्यांना डोक्यावर घेतलं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या आणि वाँटेज इथल्या सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात उतरल्या. लंडनमध्ये फुलहॅमला या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना आसरा देत. अशा स्त्रियांवर कुणी इतकी माया का करावी, असा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. ख्रिस्ती झालेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या पत्रांनी बुद्धीच्या शंका फिटत होत्या, फुलहॅमला मन हललं. सोबत आलेल्या मैत्रिणीचा मृत्यू तिथे त्यांना सोसावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इकडे गहजब उडाला. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता, पण पंक्तीतली जागा आणि लोकांच्या मनातली जागा राखायला कुठला कायदा येणार? कालपर्यंत कौतुक करणारे फसवणूक झाल्यासारखे बोलू लागले. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, स्वतः ख्रिस्ती नसताना. असे आधार थोडे होते.

आपल्याकडे रमाबाईंची गोष्ट सांगताना पुढचा भाग बहुतेक वेळा गाळतात. त्यांना विरोध ख्रिस्ती लोकांकडूनही झाला. भगिनी जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत, इतका जिव्हाळा होता. तरी दोघींची पत्रं वाचताना घुसमट जाणवते. रमाबाई मांसाहार करत नाहीत, म्हणजे जातीचा अभिमान गेलेला नाही. त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल, प्रश्न विचारतात, म्हणजे गर्विष्ठपणा. दुसऱ्या पंथांच्या ख्रिस्ती लोकांत मिसळतात, म्हणजे अवज्ञा. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं की नाही यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी आक्षेप घेतला. भर सभांमध्ये शास्त्र्यांशी वाद घालून आलेली ही बाई. भारतात वडिलांनी अडवलं नाही, नवऱ्याने अडवलं नाही, आणि इथे अडवतात याचं त्यांना नवल वाटलं. १८८५ च्या एका पत्रात त्यांनी जेराल्डीन यांना स्पष्ट लिहिलं, की भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, तसलंच दुसरं जोखड आता मानेवर घेणार नाही.

ज्यांच्या घरात राहतो, ज्यांचं अन्न खातो, ज्यांनी आपल्याला प्रभूकडे आणलं, त्यांना असं सांगणं वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाला तोंड देण्यापेक्षा किती तरी कठीण आहे. रमाबाईंचा आवाज घडला तो इथे. आणि त्यांनी आजीबाईंशी नातं तोडलं नाही, पत्रं चालू राहिली, हेही ध्यानात ठेवायला हवं.

वचन काय होतं

अमेरिकेत १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई संघ स्थापन झाला. त्यात निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते आणि त्यांनी दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. अट अशी, की शाळा उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी असेल, तिथे धर्म शिकवला जाणार नाही, मुलींवर सक्ती होणार नाही. ही अट रमाबाईंच्याही मनातली होती. तिच्याशिवाय एकही ब्राह्मण बाप आपली मुलगी एका ख्रिस्ती बाईच्या हाती देता ना.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्याला हललं. मुलींना आपले देव, आपले उपास, जातीच्या चालीरीती पाळायची मोकळीक होती. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, आठव्या वर्षी विधवा झालेली. हीच पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली, ११ मार्च १८९३ ला, म्हणजे राजीनाम्यांच्या पाच महिने आधी. चार वर्षं रमाबाईंच्या छायेत राहून ती हिंदूच राहिली. सक्ती होती की नाही या वादात मी कुणाच्याही लेखापेक्षा या एका मुलीच्या आयुष्याला जास्त वजन देतो.

मग १८९१ मध्ये काय बदललं? तेव्हा बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात, की आतापर्यंत मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीने पटलेल्या गोष्टी आता पापक्षमेच्या अनुभवात उतरल्या. आपण काही चांगलं करू तेव्हा देव स्वीकारेल ही जुनी तगमग संपली आणि मनाला स्वस्थता आली. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. वाँटेजमध्ये रमाबाई आपल्या विवेकाच्या हक्कासाठी झगडत होत्या. पुण्यात त्यांचा सूर बदललेला दिसतो. हक्काची भाषा मागे पडली आणि प्रभूविषयीची कृतज्ञता पुढे आली. हक्क माणूस तडजोडीत थोडाफार सोडू शकतो, कृतज्ञता लपवून ठेवणं त्याला फार जड जातं.

१८९३ चं पुणे

सल्लागार मंडळाला भित्रं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. त्या वर्षांत पुण्यात काय चाललं होतं ते पाहावं. ऑक्टोबर १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली, चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी घेतली नाही. नावं छापून आली आणि त्या चहापायी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांसारख्या माणसाला १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावं लागलं. १८९१ मध्ये संमतिवयाच्या, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय ठरवणाऱ्या, कायद्यावरून शहर दुभंगलं होतं. मिशनमधल्या एका चहाने हे होत असेल, तर ख्रिस्ती बाईच्या खोलीत ब्राह्मण विधवा प्रार्थनेला बसतात या बातमीने काय झालं असेल?

पालकांच्या भीतीलाही इतिहास होता. पन्नास वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, श्रीपाद शेषाद्री या ब्राह्मण मुलाचं प्रकरण मुंबईत गाजलं होतं. मिशनरींकडे गेलेला हा मुलगा अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेला, म्हणून कोर्टाने बापाच्या ताब्यात दिला, आणि त्याला परत जातीत घेण्यावरून बाळशास्त्री जांभेकर आणि सनातनी यांच्यात रण माजलं. ही आठवण घराघरांत होती. मुलगी ख्रिस्ती झाली तर घरची दारं तिला कायमची बंद होणार, हे प्रत्येक बापाला ठाऊक होतं.

अशा वेळी मंडळाने रमाबाईंकडे जे मागितलं ते त्यांच्या दृष्टीने वाजवी होतं. प्रार्थनेपासून मुली दूर ठेवा. तुमचा धर्म तुमच्यापुरता ठेवा. काम मोठं आहे, ते वाचवा.

रमाबाईंसमोर वाटा किती होत्या? दार लावून प्रार्थना करता आली असती. विश्वास शाबूत राहिला असता, शाळाही वाचली असती, आणि कोणत्याही पाळकाने त्यांना दोष दिला नसता. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर, असं प्रभूचं वचनच आहे, असाही युक्तिवाद झाला असता. पण प्रभूने ते सांगितलं दिखाऊपणाविरुद्ध. लोकांच्या भीतीने लपण्यासाठी त्या वचनाचा आडोसा घेणं म्हणजे त्याचा उलटा वापर. दुसरी वाट मुलींना मनाई करण्याची. तसं केलं असतं तर तटस्थतेची अटच मोडली असती, कारण ज्या मुलीला गीता वाचायची मोकळीक आहे तिला शेजारच्या खोलीत बसायची मनाई, ही तटस्थता कसली? तिसरी वाट म्हणजे अट झुगारून शाळा उघड मिशनची करून टाकायची. यात शौर्य दिसलं असतं, वचनभंग झाला असता. आणि चौथी, सगळं सोडून निघून जायची.

त्यांनी यातली एकही धरली नाही. दार उघडं राहिलं, अभ्यासक्रमात धर्म आला नाही, मुलींचे देव त्यांच्या खोल्यांत तसेच राहिले, आणि राजीनामे आले तेव्हा रमाबाईंनी ते येऊ दिले.

हे शेवटचं मला सर्वांत कठीण वाटतं. विरोध झाला की आपला पहिला आवेग समजूत काढायचा असतो, किंवा समोरच्याला खोटं पाडायचा. मोठी माणसं दूर जात असताना, कामाचं नुकसान डोळ्यांसमोर दिसत असताना, त्यांना जाऊ देणं आणि आपल्या जागेवरून न हलणं यासाठी वेगळीच ताकद लागते. आपल्यापैकी ज्यांनी घरच्या माणसांना असं दूर जाताना पाहिलं आहे त्यांना हे सांगायला नको. त्या क्षणी मन म्हणतं, एवढंसं तर मागताहेत, देऊन टाक.

दानीएलाची खिडकी आणि रमाबाईंचं दार

या प्रसंगावर बोलताना बायबलमधल्या दानीएलाची आठवण येणं साहजिक आहे. राजाखेरीज कुणाकडेही प्रार्थना करू नये असा राजाचा हुकूम निघाल्याचं कळल्यावर दानीएल घरी गेला, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या होत्या, आणि आधी करत होता तशीच दिवसातून तीन वेळा त्याने गुडघे टेकून प्रार्थना केली. या गोष्टीत मला नेहमी थांबवतो तो 'आधी करत होता तशी' हा भाग. हुकूम निघाला म्हणून त्याने खिडकी लावली नाही, आणि मुद्दाम चौकात जाऊनही उभा राहिला नाही. विरोधाने त्याच्या सवयीची दिशा ठरवली नाही. रमाबाईंचंही तेच. त्यांनी १८९३ मध्ये प्रार्थना कमी केली नाही, आणि चिडून सदनाच्या दिवाणखान्यातही आणली नाही.

पण तुलना इथे थांबवायला हवी, कारण एक फरक मोठा आहे. दानीएल परक्या राजाच्या हाताखाली होता. त्याच्या खिडकीने कुणावरही दडपण येत नव्हतं. रमाबाई त्या घराच्या मालकीण होत्या. मुली त्यांच्याकडे जेवत, त्यांच्याकडे शिकत, कित्येकींना घरी मिळाली नव्हती ती माया त्यांच्याकडे मिळे. अशा घरात बाईंच्या खोलीचं दार उघडं असतं तेव्हा ते केवळ दार राहत नाही, त्याला ओढ असते. बारा-तेरा वर्षांची, केस उतरवलेली, सगळ्यांनी अपशकुनी ठरवलेली मुलगी. तिला पहिल्यांदा कुणी जवळ घेतलं, तर तिला त्या माणसाचा देवही जवळचा वाटणार. सल्लागार मंडळाची शंका इथे बरोबर होती, असं मला वाटतं. सक्ती नसली तरी प्रभाव असतो, आणि प्रभाव असणाऱ्याने त्याची जाणीव ठेवली पाहिजे. पुढच्या काळात काही मुली ख्रिस्ती झाल्या, तेव्हा मंडळाला आपलं म्हणणं खरं ठरलं असंच वाटलं असणार.

ख्रिस्ती वाचकांना हे मान्य करणं जड जातं, पण मान्य केल्याने रमाबाईंचं धैर्य कमी होत नाही. उलट त्यांच्यापुढचं काम किती अवघड होतं ते कळतं. त्यांना एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या, वरच्यांपुढे न झुकणं आणि खालच्यांवर न झुकवणं. यातली एकच गोष्ट जमणारी माणसं सगळीकडे भेटतात. काही अधिकाऱ्यांपुढे निर्भय असतात आणि आपल्या सुनेला किंवा नोकराला उपासनेला यायला भाग पाडतात. काही कुणावरच काही लादत नाहीत, कारण मुळात कुणाला काही दिसूच देत नाहीत. पेत्राने पहिल्या पत्रात दोन्ही एकाच दमात सांगितलं आहे. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा सिद्ध असा, पण ते सौम्यतेने द्या. हे ज्यांना लिहिलं ते स्वतः छळाखाली होते, हे विसरून चालणार नाही.

या प्रकरणातून मी एक भेद शिकलो आणि विरोधाखाली असलेल्या कुणाशीही बोलताना तो वापरतो. घरच्यांची मागणी काय आहे ते आधी नीट ऐकावं. 'आमच्यावर लादू नकोस' ही मागणी असेल तर ती मान्य करावी, मनापासून, कारण ती न्यायाची आहे. वेळ पाहून बोलावं, वाद वाढवू नये, घरातली आपली कामं अधिक नेटाने करावीत, आईवडिलांचा मान राखावा. 'आम्हाला दिसू देऊ नकोस' ही मागणी असेल तर तिथे थांबावं लागतं. पहिली मागणी मान्य करणाऱ्या माणसाचा दुसऱ्या मागणीला दिलेला नकार घरच्यांना हट्ट वाटत नाही, निदान कालांतराने वाटत नाही. जीव धोक्यात असेल, मारहाण होत असेल, अज्ञान मूल असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे आधी सुरक्षित जागा आणि विश्वासू माणसं शोधावीत, गाजावाजा करू नये. प्रभूनेही शिष्यांना एका गावात छळलं तर दुसऱ्या गावी पळून जायला सांगितलं आहे.

आणखी एक. रमाबाईंना त्या वर्षांत लोक कमी, पण एकटेपणाला पुरतील इतके होते. मनोरमा बारा वर्षांची होती, आईबरोबर रोज प्रार्थनेला बसत होती. दूरच्या मित्रमैत्रिणींची पत्रं येत होती. विश्वासावर उभं राहणारा माणूस एकटा उभा असतो असं आपण भाषणात म्हणतो, प्रत्यक्षात एकही सोबती नसलेला फार थोडा काळ टिकतो. मंडळीत नव्याने येणाऱ्या, घरी विरोध असलेल्या मुलाला वचनं पाठ करून घेणं पुरेसं नाही. त्याला आठवड्यातून एकदा जेवायला बोलावणारं एक घर हवं.

नंतर

मुली कमी झाल्या, सदन बंद पडलं नाही. बोस्टनच्या संघाने हात काढला नाही. 'केसरी'ची टीका चालूच राहिली, आणि पुण्याच्या सुधारकांत व रमाबाईंत पडलेली फट पुन्हा भरून आली नाही. ही किंमत खरी होती. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातून, इतिहासाच्या पुस्तकांतूनसुद्धा, त्यांचं नाव पुष्कळ काळ मागे ढकललं गेलं, आणि त्याचं मोठं कारण ते दार होतं.

कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी वेगळा आश्रम काढला. हिंदू मुलींना धर्मांतराच्या भीतीशिवाय शिकता यावं ही त्यामागची गरज होती. शारदा सदनात शिकलेली पत्नी त्यांच्या सोबत होती. ज्यांना रमाबाईंचं दार नको होतं त्यांच्या मुलींसाठी दुसरं दार उघडलं, आणि याचं दुःख करायचं मला काही कारण दिसत नाही. विधवांची सोय दोन ठिकाणी झाली.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. आईवडील भुकेने गेलेले त्यांनी पाहिले होते, त्यामुळे तिथली हाडं निघालेली पोरं पाहून त्यांना स्वस्थ बसवलं नाही. शेकडो मुली आणि स्त्रियांना त्यांनी केडगावला आणलं. हे मुक्ती सदन पहिल्यापासून उघड ख्रिस्ती होतं. तिथे तटस्थतेचं वचन कुणाला दिलेलं नव्हतं, त्यामुळे प्रार्थना खोलीतून अंगणात यायला कुणाची हरकत नव्हती. पण त्यासाठी जुनं वचन मोडलं नाही, नवं काम नव्या पायावर उभं केलं. १८९८ मध्ये बोस्टनच्या संघाची दहा वर्षांची मुदत भरली, तेव्हा रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या, हिशेब मांडला, जुना संघ विसर्जित झाला आणि नव्या नावाने नवा संघ उभा राहिला.